स्मरणाच्या कार्यक्रमासाठी आजची अमेरिकन सिंफनी: गोव्यातल्या बँडला काय झेपेल?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या आठवड्यात फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात स्मरणाचा एक कार्यक्रम करायचं चाललंय. त्याच त्या मार्चच्या धुना नकोत. युद्ध, वारसा, गेलेल्यांची आठवण या विषयांवर अलीकडच्या दशकांत अमेरिकेत बऱ्याच सिंफनी लिहिल्या गेल्या. त्यातलंच एखादं काम कार्यक्रमाच्या उत्तरार्धात घ्यावं असा विचार आहे. वेळ फार तर 20 ते 25 मिनिटं.

हाताशी आहेत ते असे: 3 फ्लूट (एक पिकोलो वाजवते), 9 क्लॅरिनेट, 1 बास क्लॅरिनेट, 5 सॅक्सोफोन, 6 ट्रंपेट, 2 फ्रेंच हॉर्न, 4 ट्रोंबोन, 2 युफोनियम, 1 ट्यूबा. ओबो आणि बसून ही फुंकवाद्यं नाहीत. तालवाद्याला तिघे, टिंपनी (सुरात लावता येणारे मोठे नगारे) दोनच. शिवाय 8 व्हायोलिन आणि 2 चेलो, व्हायोला एकही नाही. बहुतेक जण संगीत परीक्षेची पाचवी ते आठवी ग्रेड झालेले. काही ट्रंपेटवाले तियात्रात (कोंकणी संगीत नाटकात) नेहमी वाजवणारे, त्यामुळे ताकद भरपूर आहे.

कोरिग्लियानो, जॉन अ‍ॅडम्स आणि हुसा या संगीतकारांची नावं समोर आहेत. यातलं काय जमेल, काय नाही आणि का, हे स्पष्ट सांगाल का?

वुडविंड_सासष्टी

आधी नको ते बाजूला काढू.

कोरिग्लियानोची पहिली सिंफनी तुमच्यासाठी नाही. ती सुमारे 40 मिनिटांची आणि पूर्ण मोठ्या ऑर्केस्ट्राची आहे. मार्च 1990 मध्ये शिकागो सिंफनीनं बारेनबॉइमच्या हाताखाली ती पहिल्यांदा वाजवली. एड्सनं गेलेल्यांची नावं शिवलेली ती प्रचंड गोधडी पाहून हे काम सुचलं. रंगमंचाबाहेर एक पियानो लागतो. त्यावर अल्बेनिथचा टँगो गोडॉव्स्कीच्या मांडणीत वाजतो आणि आत ऑर्केस्ट्रा संतापलेला असतो. ब्रास सगळ्यांना वेढून बसवावा लागतो. तिसऱ्या भागात एकल चेलोवर सगळा भार. 8 व्हायोलिनांत यातलं काहीच उभं राहत नाही.

अ‍ॅडम्सचं 11 सप्टेंबरच्या हल्ल्यावरचं काम (न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, 19 सप्टेंबर 2002) सिंफनी नव्हेच. ऑर्केस्ट्रा, मोठ्यांचा कोरस, मुलांचा कोरस, शहराच्या आवाजांचं ध्वनिमुद्रण आणि पाव सुरानं वेगळा लावलेला पियानो, एवढं सगळं त्याला हवं. त्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: गेलेल्यांची नावं साध्या आवाजात, भावना न ओतता, एकामागून एक उच्चारली जातात. ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. हुतात्म्यांची नावं अशी वाचता येतील.

आता हुसा. ‘म्युझिक फॉर प्राग 1968’च्या नावात सिंफनी हा शब्द नसला तरी चार भागांचं, पूर्ण सिंफनीच्या वजनाचं काम आहे, आणि मुळात बँडसाठीच लिहिलेलं. हुसा मूळचे प्रागचे, नंतर अमेरिकन नागरिक झालेले. ऑगस्ट 1968 मध्ये वॉर्सा कराराच्या फौजा प्रागमध्ये घुसल्या आणि लगेच त्यांनी हे लिहायला घेतलं. इथाका कॉलेजच्या बँडनं 31 जानेवारी 1969 ला वॉशिंग्टनला पहिला प्रयोग केला. सुरुवातीला पिकोलो एकटी पक्ष्यासारखी बोलते, खाली तीन मंद स्वरसंघात (कॉर्ड) येतात, आणि टिंपनी अगदी हळू पंधराव्या शतकातल्या हुसाइटांच्या (चेक धर्मसुधारकांच्या) युद्धगीताचे पहिले स्वर ठोकते. एरिया या दुसऱ्या भागात तेच तीन स्वरसंघात अंगावर येतात. तिसरा भाग निव्वळ तालवाद्यांचा. त्याच्या शेवटी स्नेअरचा रोल चढत जातो आणि न थांबता टोकाटा हा शेवटचा भाग सुरू होतो. अखेरीस सगळे मिळून एकसुरात ते गीत वाजवतात, पण पूर्ण गीत रचनेत कुठंच येत नाही.

तुम्हाला ते जमणार नाही याचं कारण ब्रास नव्हे. तिघांत आणि दोन टिंपनींत तिसरा भाग होत नाही, आणि ओबो-बसूनचे सूर क्लॅरिनेट-सॅक्सना वाटले की तो बोचरा रंग जातो. ‘नुसते पहिले दोन भाग घेऊ’ असं कुणी म्हणेल, तेही करू नका. पहिल्या भागात टिंपनीनं टाकलेला प्रश्न शेवटच्या एकसुरात सुटतो. मधे तोडलं तर श्रोत्याच्या हाती सुटे तुकडे उरतात.

माझी शिफारस: डॅनियल बुकविच, सिंफनी क्रमांक 1, ‘इन मेमोरियम ड्रेसडेन, 1945’. 1978 चं काम, बँडसाठीच, सगळं मिळून 10-12 मिनिटं. प्रोलॉग, सीड्स इन द विंड, आवे मारिया, फायर-स्टॉर्म असे चार भाग. फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेसडेनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यातली आगीची लाट हा विषय. शेवटच्या भागात नेहमीच्या स्वरलिपीऐवजी बऱ्याच ठिकाणी रेघा आणि आकृत्या आहेत, वादकांनी कुजबुजायचं, ओरडायचं आहे. बोटांची कसरत फार नाही, धीटपणा मात्र लागतो. तुमच्या ग्रेडच्या मुलांना हे नक्की जमेल.

तालवाद्य_मडगाव

वरच्या निवडीशी सहमत. पण या प्रकारची कामं कोसळतात ती सहसा मागच्या रांगेत, म्हणून थोडं सविस्तर.

तिघे पुरणार नाहीत. बुकविचसाठी निदान पाच धरा. स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आला की आधी तालवाद्यांची पूर्ण यादी काढा आणि कोणत्या मापाला (बारला) कोण कुठल्या वाद्यापाशी उभा असेल त्याचा नकाशा करा. दोन वाद्यांमधलं अंतर चार पावलांचं आणि मधे एकच माप, असं कुठं निघालं तर तिथं सहावा माणूस लागेल. जास्तीचे दोघे क्लॅरिनेटमधून घ्या. 9 मधले 7 पुरे होतात. गाँग आणि बास ड्रमला वाचनापेक्षा मोजणी पक्की लागते.

ट्युब्युलर बेल्स (लांब नळ्यांच्या घंटा) भाड्यानं मिळाल्या तर उत्तम. नाहीतर कीबोर्डवरचा नमुना चालेल, पण स्पीकर बेल्सच्या जागी, तालवाद्यांच्या रांगेत ठेवा. हॉलच्या मुख्य स्पीकरमधून सोडलात तर घंटा बँडच्या पुढे येऊन बसते आणि सगळी खोली निघून जाते. देवळातली किंवा इगर्जेतली खरी घंटा आणायचा मोह टाळा. तिचा सूर तुमच्या 440 हर्ट्झच्या ट्युनिंगशी जुळेलच असं नाही, आणि तिचे वरचे स्वर स्वरसंघाताशी भांडतात.

सुराचं गणित: हवा एका अंशानं तापली की फुंकवाद्याचा सूर तत्त्वतः 3 सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. फुंकेनं नळी आधीच गरम असते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण चढतो हे नक्की. बेल्सच्या नळ्या, व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्ट्या यांचा सूर जवळजवळ हलत नाही. संध्याकाळी एसी उशिरा लावला तर पहिल्या भागात बँड बेल्सच्या वर तरंगतो आणि तासाभरानं खाली बसतो. म्हणून एसी वादक यायच्या दोन तास आधी चालू हवा, तपमान ठरवलं की मधे हात लावायचा नाही, आणि ट्युनिंग बेल्सच्या किंवा व्हायब्राफोनच्या सुराला करायचं, क्लॅरिनेटच्या नव्हे. व्हायब्राफोन 442 ला बनवलेला आहे का तेही आधी मीटरवर बघून घ्या.

हॉलबद्दल. आपली कला मंदिरं, रवींद्र भवनं मुख्यतः नाटक-तियात्रांच्या सोयीनं बांधलेली. विंगा, वरचे पडदे, मागचा पडदा सगळा आवाज गिळतात. शक्य तितके पडदे वर ओढा आणि बँड मुख्य पडद्याच्या रेषेच्या पुढं आणा. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागं असतं, तुमच्याकडे दोनच आहेत. त्यांच्या मागं दीडेक मीटरवर प्लायवुडचे 18 मिलिमीटरचे उभे तक्ते लावले तर हॉर्न श्रोत्यांपर्यंत पोचतात. टिंपनी मात्र हॉर्नच्या थेट मागं नको. तिचा धक्का हॉर्नच्या तोंडातून ओठांपर्यंत जातो आणि सूर फुटतो.

आणि कानांसाठी फोमचे बोळे आणा. फायर-स्टॉर्ममध्ये तालवाद्यांच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना ते लागतातच.

कांपालचा_श्रोता

बुकविच चांगलं काम आहे, पण त्यावरच कार्यक्रम संपवू नका अशी विनंती. आग दाखवली, पुढं काय? स्मरणाच्या संध्याकाळी लोकांना थोडा वेळ थांबायला जागा हवी.

त्यासाठी फ्रँक टिकेलीचं ‘अ‍ॅन अमेरिकन एलेजी’ (2000) घ्या. एकाच भागाचं, सुमारे 11 मिनिटांचं. एप्रिल 1999 मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारात गेलेल्यांच्या स्मृतीसाठी लिहिलेलं. नोट्स फारशा अवघड नाहीत, अवघड आहे ती फुंक. लांब, सावकाश ओळी आहेत. सगळ्यांनी एकाच बारला श्वास घेतला की ओळ तुटते. शेजारी बसलेल्या दोघांच्या श्वासाच्या खुणा वेगवेगळ्या जागी पेन्सिलनं करून घ्या, पहिल्याच तालमीत.

यातली खरी परीक्षा म्हणजे रंगमंचाबाहेरचा एकल ट्रंपेट. तिथं तीन गोष्टी बिघडतात. एक, अंतर: ट्रंपेट 20 मीटर लांब असेल तर आवाज पोचायला जवळजवळ 60 मिलिसेकंद जातात. त्यानं आतला बँड ऐकून वाजवलं तर तेवढाच उशीर पुन्हा जमा होतो. म्हणून ऐकून नव्हे, बघून वाजवायचं: कंडक्टरवर रोखलेला कॅमेरा आणि बाहेर एक स्क्रीन. कॅमेरा वायरनं जोडा, फोनवरचा व्हिडिओ कॉल स्वतःच उशीर करतो. दोन, सूर. थंड देशातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की बाहेरचा ट्रंपेट उतरतो. आपल्याकडे उलटं होतं. आत एसीत 24 अंश आणि बाहेर व्हरांड्यात 30, त्यामुळे तो चढतो. त्याला एसी असलेल्या मेकअप खोलीच्या दारात उभा करा, किंवा ट्युनिंग स्लाइड बाहेर ओढायची खूण व्हरांड्यातच मीटर लावून ठरवा. तीन, दार: कितपत उघडं ठेवायचं ते तालमीत ठरवून जमिनीवर टेप लावा, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी ते बंद करतं.

तियात्रातल्या ट्रंपेटवाल्यांपैकी ज्याचा सूर सर्वांत सरळ, तो या जागी हवा. माइकसमोर खुलणारा तो थरथरता सूर इथं शोभत नाही.

वारशाची बाजू दाखवायची असेल तर ओमर थॉमसचं ‘ऑफ अवर न्यू डे बिगन’ जरूर ऐका. जून 2015 मध्ये चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारलं, त्यांच्या स्मृतीसाठी. त्यात ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे कृष्णवर्णीय समाजाचं गीत गुंफलंय. वादक गुणगुणतात, टाळ्या वाजवतात, पाय आपटतात. तुमच्या बँडला थोडं जड जाईल, पण पुढच्या वर्षासाठी मनात ठेवा.

या निमित्तानं एक गोष्ट आग्रहानं सांगतो. यातली बरीच कामं कुठल्यातरी ओळखीच्या सुरावर उभी आहेत. हुसाचं युद्धगीत प्रत्येक चेक माणसाला माहीत, स्मेटानानंही तेच वापरलं होतं. टिकेलीत कोलंबाइन शाळेचं गीत आहे. अमेरिकन संगीतकार मास्लांकाच्या चौथ्या सिंफनीत ‘ओल्ड हंड्रेड’ हे भजन आहे. तिथल्या श्रोत्याला तो सूर ऐकताच गलबलून येतं. आपल्या श्रोत्याला तो माहीतच नाही, म्हणजे रचनेचा अर्धा परिणाम वाया जातो. उपाय सोपा आहे. मूळ सूर आधी एकट्या युफोनियमवर, सजावट न करता, एकदा वाजवून दाखवा. भाषण नको, ‘हा सूर पुढं येईल’ एवढंच निवेदन. बारा-पंधरा मिनिटांत श्रोता तो स्वतः ओळखतो.

कायदेशीर_बाजू

थोडक्यात. ही सगळी कामं कॉपीराइटखाली आहेत. भारतात संगीतकाराच्या हयातीनंतर 60 वर्षं संरक्षण असतं आणि परदेशी कामांनाही ते लागू होतं. हौशी मंडळानं तिकीट न लावता सादर केलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(एल)ची सवलत मिळते. तिकीट किंवा देणगी प्रवेशिका लावली की ती गेली, मग आयपीआरएसकडे (संगीताच्या सादरीकरणाचे परवाने देणारी संस्था) चौकशी करा. ही सवलत सादरीकरणापुरती आहे, पार्ट्सच्या (एकेका वाद्याच्या स्वरलिपीच्या) झेरॉक्सला नाही. टिकेली आणि बुकविच यांचे पार्ट्सचे संच विकत मिळतात. कोरिग्लियानो, अ‍ॅडम्स यांचे मोठे ऑर्केस्ट्रा स्कोअर भाड्यानं घ्यावे लागतात. रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवणं हा वेगळा हक्क, त्यासाठी प्रकाशकाला वेगळी ईमेल करा.

डिचोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. बुकविच आधी, मग टिकेली, असं ठरवतोय. तिकीट नाहीच. दोन प्रश्न उरले. फायर-स्टॉर्मची तालीम कशी घ्यायची? मुलं ओरडताना हसणार हे उघड आहे. आणि 8 व्हायोलिन, 2 चेलोंना काय द्यायचं? त्यांना फ्लूट-क्लॅरिनेटच्या ओळी दिल्या तर?

वुडविंड_सासष्टी

व्हायोलिनना फ्लूटच्या ओळी देऊ नका. 8 व्हायोलिन 30 फुंकवाद्यांत ऐकू येत नाहीत, फक्त सूर गढूळ होतो. शिवाय ती नवी मांडणी ठरते आणि तिला प्रकाशकाची परवानगी लागते. त्यांना पूर्वार्ध द्या. मांडो (गोव्यातला कोंकणी गीतप्रकार) घ्या. व्हायोलिन आणि घुमट (मातीचं तालवाद्य) ही त्याची मूळचीच साथ, दोन गळे तिसऱ्या-सहाव्या सुरांच्या अंतरानं चालतात आणि व्हायोलाची उणीव भासत नाही. वारसा म्हणून ते अधिक खरंही वाटेल. चेलोंना खालची ओळ.

तंतुवाद्यवाल्या मुलांना ऐकायला मात्र अमेरिकन संगीतकार लेश्नॉफची चौथी सिंफनी द्या. 2018 मध्ये नॅशव्हिल सिंफनीनं ती पहिल्यांदा वाजवली, होलोकॉस्टमधून वाचलेल्या आणि अम्नोन वाइनस्टाइन यांनी दुरुस्त केलेल्या व्हायोलिनांवर. त्यांचीच तिसरी सिंफनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या पत्रांवर आहे. ट्रंपेटवाल्यांना अ‍ॅडम्सची ‘डॉक्टर अटॉमिक सिंफनी’ (2007) ऐकवा. त्याच्या मूळ ऑपेरात अणुबॉम्बवाला शास्त्रज्ञ ओपेनहायमर गातो ते गाणं शेवटी एकटा ट्रंपेट म्हणतो. त्या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात गीतेच्या विश्वरूपदर्शनावरचा कोरसही आहे, तो सिंफनीत नाही, पण शोधून ऐकण्यासारखा आहे.

फायर-स्टॉर्मची तालीम: पहिल्या खेपेला वाद्यं पेटीतच. फक्त आवाज. कुजबुज एका रांगेत सुरू करून दुसरीकडे सरकवा, सगळ्यांनी एकदम नको. मोठ्यानं ओरडायचं असेल तिथं आवाज पोटातून आणि थोडक्यात, नाहीतर घसा बसतो आणि पुढच्या टिकेलीत फुंकच उरत नाही. लाजेनं हसू येतं ते डोळ्याला डोळा भिडल्यामुळे. सगळ्यांची नजर कंडक्टरवर खिळवली की दुसऱ्या तालमीत ते थांबतं. ड्रेसडेनचे फोटो दाखवायचे असतील तर मोठ्या मुलांनाच आणि पालकांना सांगून.

मोकळ्या वेळेचे जे भाग आहेत त्यांत कंडक्टरनं ठेका दाखवायचा नाही. प्रत्येक घटनेला क्रमांक द्या, पार्ट्समध्ये लाल पेन्सिलनं लिहा, आणि डाव्या हाताच्या बोटांनी तो क्रमांक दाखवा. उजवा हात फक्त सुरुवात आणि तोडणी. घड्याळ स्टँडवर असू द्या, कारण उत्साहात हे भाग नेहमी निम्म्या वेळात उरकले जातात आणि भीती साचतच नाही. तिसऱ्या तालमीला वाद्यं, पण तालवाद्यं निम्म्या आवाजात. पूर्ण ताकद फक्त शेवटच्या दोन तालमींना आणि तीही कला मंदिरातच. छोट्या खोलीत तो आवाज कानांना धोकादायक आहे.

तालवाद्य_मडगाव

आणखी दोन गोष्टी. बुकविच आणि टिकेलीच्या मधे टाळ्या पडू द्यायच्या नसतील तर निवेदकानं आधीच सांगावं, आणि कंडक्टरनं हात खाली न आणता ट्रंपेटला बाहेर जायला वेळ द्यावा. हुतात्म्यांची नावं वाचायची तर ती याच जागी. वाचणाऱ्याला एकच माइक, तोंडापासून वीतभर लांब, मागं काहीही वाजत नसताना. नावांचे उच्चार त्या त्या गावच्या माणसाकडून तपासून घ्या. पेडणे, सत्तरी, काणकोण इथली आडनावं छापील यादीत हमखास चुकलेली असतात.

पार्ट्स ऑक्टोबरच्या सुरुवातीला हातात हवेत. बेल्स आणि उरलेल्या टिंपनींचं भाडं मात्र आत्ताच ठरवा. डिसेंबरात गोव्यात लग्नं, फेस्तं आणि तियात्रं एकदम येतात, तेव्हा ना वाद्यं मोकळी मिळत ना टेम्पो. टिंपनी टेम्पोतून आणताना पेडलचं कुलूप लावून आणा आणि वाजवायच्या किमान तीन तास आधी हॉलमध्ये उघडून ठेवा. कातडं खरं असो वा प्लास्टिकचं, एसीत स्थिरावायला तेवढा वेळ घेतंच.